साडूची दुर्बीण

ईस्टरच्या रविवारी, जेवणं झाली होती आणि कॉफी यायची होती, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी आपली रायफल माझ्या साडूला देऊन टाकली. देऊन टाकली म्हणजे तोंडी. "मला आता संध्याकाळचं नीट दिसत नाही," ते म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, सुधारणार नाही. रायफल तू घे." साडू उठून त्यांच्या गळ्यात पडला. मेहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं. मग सासरे माझ्याकडे वळले. "आणि नवी दुर्बीण आणलीये, ती तू रायफलवर बसवून दे त्याला. तुझ्याइतकं नेटकं कोणी बसवणार नाही."

"हो, नक्की," मी म्हणालो, आणि समोरच्या केकचा तुकडा काट्याने उगाच कापत राहिलो.

इथे एक सांगून ठेवतो. आमच्या घरात सगळं जर्मनमध्ये चालतं. लग्न झाल्यावर सासऱ्यांनी मला 'डू' म्हणायची, म्हणजे अरेतुरे करायची मुभा दिली. पण मराठीत लिहिताना सासऱ्यांना 'तू' म्हणायला माझा हात धजत नाही, तेव्हा इथे अहोजाहोच. साडूला जर्मनमध्ये वेगळा शब्द नाही. मेहुणा, साडू, दीर, सगळे एकाच पोत्यात. पण साडू म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक असतं. जावयाच्या मानाचा पाट आधी तुमच्या एकट्याचा असतो, आणि एक दिवस त्याच्या शेजारी दुसरा पाट मांडला जातो.

माझा पाट नऊ वर्षं एकट्याचा होता. मी कोल्हापूरचा. वडिलांचा उद्यमनगरात लेथचा छोटा कारखाना होता. पुण्यात शिकलो, पुढचं जर्मनीत आखनला, आणि न्युरेम्बर्गच्या एका कंपनीत मोजमाप विभागात लागलो. यंत्राचे सुटे भाग मोजायचे आणि ते केसाच्या कितव्या भागाइतके चुकले ते सांगायचं, हे माझं काम. बायको इथलीच, शहरात शाळेत शिकवते. तिचे वडील जन्मभर साचे आणि हत्यारं बनवणारे कारागीर. गाव शहरापासून तासाभरावर आणि घराखालच्या तळघरात त्यांचं वर्कशॉप. पहिल्यांदा मी त्या तळघरात उतरलो तेव्हा कटिंग ऑइलचा वास आला, आणि वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच मला कुठेतरी आत आल्यासारखं वाटलं. सासऱ्यांनी माझ्या हातात एक जुना मायक्रोमीटर दिला. मी तो आधी शून्यावर तपासला आणि मगच वापरला. त्या दिवसापासून त्यांच्या कपाटाचे खण माझ्यासाठी उघडे झाले.

सासरे शिकारी. गावामागच्या जंगलाचा एक तुकडा ते आणि त्यांचे दोन मित्र मिळून भाड्याने घेतात. तिथली हरणं किती, रानडुकरं किती, कुठली मारायची, कुठली ठेवायची, सगळी जबाबदारी त्यांची. मला शिकारीचं वेड नव्हतं. पण शनिवारी पहाटे ते जंगलात जात आणि मी मागे उरत असे, ते मला सलू लागलं. म्हणून मी शिकारीच्या परवान्याची परीक्षा द्यायची ठरवली. या परवान्याला याग्डशाईन म्हणतात आणि त्याच्या परीक्षेला लोक हिरवी बारावी म्हणतात. अभ्यासही तेवढाच. झाडं, पिसं, दात, कायदा, कुत्र्यांच्या जाती. फोनवर आईने विचारलं, "बंदूक कशाला रे बाबा तुला? इंजिनिअर ना तू?" पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत कोल्ह्याच्या रोगांवर अडलो आणि नापास झालो. दुसऱ्या वर्षी पास झालो. सासऱ्यांनी पाठीवर थाप मारली. मी स्वतःची रायफल घेतली नाही. का घेतली नाही, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. सासऱ्यांची तळघरातल्या तिजोरीत होतीच की.

मग मेहुणीने लग्न केलं. साडू हॅम्बुर्गकडचा, फिजिओथेरपिस्ट. ताडमाड उंच, लांब मानेचा, मोकळा हसणारा. सासऱ्यांचा उजवा खांदा कित्येक वर्षं दुखायचा. हा आला आणि दर शनिवारी स्वयंपाकघरात त्यांना खुर्चीवर उलटं बसवून खांदा चोळू लागला. नऊ वर्षांत मी सासऱ्यांशी फक्त हात मिळवला होता. आणि हा माणूस त्यांचा शर्ट काढायला लावून त्यांच्या पाठीवर कोपर टेकवत होता, आणि ते डोळे मिटून "आऽऽ" म्हणत होते. सासूबाई हसायच्या. मी खाली तळघरात जाऊन एखादा ड्रिल बिट शोधत बसायचो.

साडूने तीन आठवड्यांचा कोर्स केला आणि परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाला. कोल्ह्याचे रोग त्याला विचारलेच नाहीत.

ईस्टरहून परत येताना गाडीत बायको म्हणाली, "तुला वाईट वाटलंय."

"नाही. मला कशाला? मला वेळ कुठे आहे शिकारीला?"

"बरं," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मागे आमची लेक झोपली होती. मला वाईट वाटलं नव्हतं. वाईट वाटणं सोपं असतं, त्यात माणूस निदान चांगला राहतो. मला चक्क जळफळाट होत होता. साडूने सासऱ्यांना मारलेली मिठी मी रस्ताभर पुन्हा पुन्हा बघत होतो आणि दर वेळी ती मला जास्त लांब वाटत होती.

सरकारी कचेरीत रायफल साडूच्या नावावर चढली आणि दोन आठवड्यांनी, शनिवारी, मी दुर्बीण बसवायला तळघरात उतरलो. परवाना असल्यामुळे रायफल हाताळायला मला अडचण नव्हती. साडू आणि सासरे वर स्वयंपाकघरात होते. खांद्याचा कार्यक्रम सुरू होता.

काम मी मन लावून केलं. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण पुढे जे झालं ते हलगर्जीपणाने झालं नाही. रायफल रिकामी आहे हे दोनदा पाहिलं, बोल्ट काढून बाजूला ठेवला. नळीवरची जुन्या तेलाची पुटं स्पिरिटने पुसली. तेलाचा अंश राहिला तर स्क्रू धरतात, पण पंधरा-वीस गोळ्यांनंतर सैल होतात. खालचे दोन बेस बसवले, टॉर्क रेंचने ठरलेल्या जोराइतकेच आवळले. त्यावर दुर्बीण धरणाऱ्या कड्यांचे खालचे अर्धे भाग. दोन्ही कड्या एका रेषेत आहेत का ते बघायला मी ऑफिसातला एक घासून सरळ केलेला पोलादी दांडा आणला होता. एका कडीत किंचित उंचवटा होता. कागदाइतकासुद्धा नाही. तरी दांड्यावर घासायची पेस्ट लावून मी तो पाऊण तास घासत बसलो. कड्या वाकड्या असल्या तर दुर्बिणीची नळी पिळवटते आणि मग नेम कधीच एका जागी राहत नाही. भिंतीवर ओळंबा टांगला, रायफल लेव्हलवर ठेवली आणि दुर्बिणीतली उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवली.

आता उरलं होतं डोळ्याचं अंतर. दुर्बीण पुढेमागे सरकवून अशा जागी आणायची, की रायफल खांद्याला लावल्यावर पूर्ण गोल चित्र दिसलं पाहिजे, आणि डोळा आणि काच यांत चार बोटांहून जास्त जागा राहिली पाहिजे, कारण गोळी सुटली की रायफल मागे येते. हे अंतर प्रत्येकाचं वेगळं. मान आखूड असेल तर दुर्बीण मागे, लांब असेल तर पुढे. म्हणून हे काम ज्याची रायफल त्याच्याच अंगावर करायचं असतं. त्याला डोळे मिटायला सांगायचं, रायफल खांद्याला लावू द्यायची आणि मग म्हणायचं, "उघड." हे मला सासऱ्यांनीच शिकवलं होतं.

वरून साडूचं हसू ऐकू आलं. मग सासऱ्यांचं. सासरे फारसे हसत नाहीत.

मी डोळे मिटले, रायफल माझ्या खांद्याला लावली, गाल दस्त्यावर टेकवला आणि डोळे उघडले. दुर्बीण दोन बोटं मागे ओढली. पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. समोर स्वच्छ, पूर्ण गोल, कडेला सावली नाही. असं वाटलं की ती माझीच आहे. मग मी कड्यांचे वरचे भाग लावले, स्क्रू आडवेतिडवे, थोडे थोडे करत आवळले, आणि दुर्बिणीच्या नळीवर जागेची बारीक खूणही केली. वर जाऊन म्हणालो, "झाली."

"इतक्यात?" साडू म्हणाला. "तू भारी आहेस हं."

नेम जुळवायला आम्ही तिघं पुढच्या आठवड्यात शूटिंग रेंजवर गेलो. सकाळची वेळ, ऊन चांगलं, वारा नाही. शंभर मीटरवर कागद लावला. बोल्ट काढून नळीतून कागदाचा मध्य बघितला आणि दुर्बिणीची फुली तिथे आणली, म्हणजे पहिली गोळी निदान कागदावर लागावी. मग साडू टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून बसला. सासरे मागच्या बाकावर, मी साडूच्या उजव्या हाताला, एका पावलावर.

तो पुढे झुकला. टेबलावर बसलं की उभं राहण्यापेक्षा डोकं आणखी पुढे जातं, त्यातून त्याची ती मान. त्याला चित्र नीट दिसत नसावं, कारण तो डोकं पुढेमागे करत होता. शेवटी तो एका जागी थांबला. त्याची भुवई काचेपासून दोन बोटांवर होती. मला ते स्पष्ट दिसत होतं. मी दिवसभर अंतरंच बघतो. "थांब" हा एक शब्द होता. कानांवर आवाज अडवणारे मफ होते तरी मी त्याच्या खांद्यावर हात ठेवू शकलो असतो. मी श्वास घेतला, तोंडही उघडलं असावं, आणि मी थांबलो. एवढंच मनात आलं की बघू या, काय होतं ते.

गोळी सुटली. साडूचं डोकं मागे उडालं. त्याने हात भुवईवर नेला आणि बोटांमधून रक्त खाली आलं, गालावरून, शर्टावर. भरपूर. रेंजवरचा म्हातारा प्रथमोपचाराची पेटी घेऊन धावत आला. मी गुडघ्यावर बसून साडूच्या कपाळावर पट्टी दाबून धरली.

"डोळा बघ, डोळा ठीक आहे का?" मी म्हणत होतो.

"दिसतंय, दिसतंय," साडू म्हणाला आणि हसायला लागला. "माझीच चूक. मी फार जवळ गेलो. गोळी कुठे लागली?"

गोळी कागदावर, मध्यापासून चार बोटं डावीकडे लागली होती.

रेंजवरच्या म्हाताऱ्याने त्याला गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं. भुवईवर तीन टाके पडले. मी आणि सासरे सामान आवरायला मागे राहिलो. मी काडतुसं डब्यात भरत होतो. सासऱ्यांनी रायफल उचलली, रिकामी आहे हे पाहिलं, बोल्ट काढला आणि आपल्या खांद्याला लावली. मग खाली घेतली आणि माझ्यापुढे धरली.

"लाव बघू."

"कशाला?"

"लाव."

मी कागदाच्या दिशेने तोंड करून रायफल खांद्याला लावली. सासरे बाजूने माझ्या डोळ्याकडे बघत होते.

"पास्ट," ते म्हणाले. म्हणजे, बरोबर बसतेय.

मी रायफल खाली केली. त्यांनी ती माझ्या हातून घेतली. मग त्यांनी विचारलं, "तो त्या दिवशी वरच होता. तळघराच्या जिन्याला पायऱ्या किती?"

"अकरा."

"हं. अकरा." त्यांनी रायफल पेटीत ठेवली, पेटीला कुलूप लावलं आणि परतीच्या वाटेवर गाडीत हवामानाच्या बातम्या लावल्या.

घरी बायकोला मी तळघरातलं सांगितलं. रेंजवरचं सांगायला अर्धा तास लागला. ती पोळी लाटत होती. माझ्याकडून शिकून ती आता माझ्यापेक्षा गोल लाटते. तिचं लाटणं थांबलं.

"तुला दिसत होतं?"

"हो."

"आणि तू बोलला नाहीस."

"नाही."

"तू त्याला हे सांगणार आहेस," ती म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी साडूच्या घरी गेलो. भुवई सुजून डोळा अर्धा मिटला होता. त्याने मला बघून हात पसरले. मी म्हणालो, "आधी बसू या." आणि सांगितलं. माझ्या डोळ्यावर दुर्बीण बसवली हे, आणि तो जवळ गेलेला दिसत असून गप्प राहिलो हेही. मनात कुठेतरी वाटत होतं की तो हसेल. त्याला सगळ्यावर हसताना मी पाहिलं होतं.

तो हसला नाही. "माझा डोळा गेला असता," तो म्हणाला.

"हो."

"का?"

"मला वाटलं होतं, ती रायफल मला मिळेल."

"एका रायफलसाठी?"

नुसत्या रायफलसाठी नाही, हे मला जर्मनमध्ये सांगता येईना. मराठीतही सांगता आलं असतं असं नाही. तो उठला आणि दार उघडून उभा राहिला. "हे बघ, आज तू जा. मी रागावलोय, आणि मला रागावायची सवय नाही."

महिनाभर त्याचा फोन नाही, मेसेज नाही. सासूबाईंच्या वाढदिवसाला मेहुणी माझ्या शेजारून बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन गेली आणि मला वाढलं नाही. मी सासऱ्यांबरोबर तळघरात गेलो. ते एका सुरीला धार लावत होते. मी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांना असं काही विचारायची माझी पहिलीच वेळ.

"रायफल मला का नाही दिली?"

त्यांनी सुरी थांबवली. त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "तू मागितली नाहीस."

"मी परीक्षा दिली. दोनदा."

"हो. पण मागितली नाहीस. त्याने मागितली. ख्रिसमसला माझ्यापाशी आला आणि म्हणाला, तुम्हाला ती नको होईल तेव्हा मला द्याल का? मी म्हटलं, देईन." मग म्हणाले, "मला वाटलं, तुला बंदूक नकोय. तुला हे हवंय." आणि त्यांनी सुरीने भिंतीवरचे पाने, कपाटाचे खण, व्हाइस असं सगळं दाखवलं.

आमच्याकडे मोठ्यांकडे मागत नाहीत. मोठ्यांनी ओळखायचं असतं. माझ्या वडिलांनी कारखान्याची किल्ली मी न मागता माझ्या हातात ठेवली होती, आणि मी ती त्यांना परत देऊन पुण्याला निघून गेलो होतो. हे मी सासऱ्यांना सांगितलं नाही. पण त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. मला जंगलात बसून थंडीने काकडायला कधीच आवडलं नव्हतं. मला फक्त त्यांनी मला न्यावं असं वाटत होतं.

जूनच्या शेवटी एका शनिवारी साडू स्वतःच तळघरात आला. हातात रायफलची पेटी. भुवईतून एक गुलाबी रेघ गेली होती आणि तिथे केस उगवत नव्हते. "परत बसव," तो म्हणाला. "या वेळी मी इथेच उभा राहतो."

मी स्क्रू सैल केले. तो डोळे मिटून उभा राहिला आणि रायफल खांद्याला लावली. मला त्याच्या अगदी जवळ उभं राहावं लागलं. त्याच्या मानेखाली हात धरून डोकं सहज कुठे टेकतंय ते बघितलं. माणूस डोळे मिटून उभा आहे आणि ज्याने आपला डोळा धोक्यात घातला त्याच्या हाती मान देतोय, हे मला सहन होईना. "उघड," मी म्हणालो.

"काळी कड दिसतेय."

दुर्बीण पुढे सरकवली. "मिट. आता उघड."

"अजून."

असं आठ-दहा वेळा झालं. मी त्याला उभं करून बघितलं, बसवून बघितलं, त्याच्या जाड हिवाळी जॅकेटवरही बघितलं. मग मागची रिंग फिरवून फुली त्याच्या नजरेला स्पष्ट करून दिली. काच शर्टाने पुसायची नाही, आधी फुंकणीने धूळ उडवायची, मग ब्रश, मग कापड. पावसातून आल्यावर झाकणं लगेच लावून ठेवायची नाहीत, आत ओल धरते. पहिल्या वीस गोळ्यांनंतर स्क्रू तपासायचे, हे सगळं सांगितलं. तो मान डोलवत होता. जाताना म्हणाला, "पुढच्या शनिवारी रेंज. तू मागे उभा राहा, आणि मी जवळ गेलो तर लाथ मार."

लाथ मारायची वेळ आली नाही. सातव्या गोळीला नेम बसला.

ऑगस्टमध्ये नर हरणं माद्यांच्या मागे वेडी होतात तेव्हाची एक पहाट. साडू आणि सासरे कुरणाच्या कडेच्या मचाणावर, मी सासऱ्यांच्या मित्राची रायफल घेऊन ओढ्यापलीकडे. मला काहीच दिसलं नाही, एक कोल्ही सोडून. सात वाजता एकच आवाज झाला. मी वाट बघितली आणि मग चालत गेलो. नर जागच्या जागी पडला होता, खांद्यामागे एक छिद्र, तडफड नाही. इथल्या शिकाऱ्यांच्या रीतीप्रमाणे सासऱ्यांनी ओकची डहाळी तोडली, तिचं टोक रक्ताला लावलं आणि आपल्या टोपीवर ठेवून साडूपुढे धरली. त्याने ती घेतली. त्याचे डोळे भरले होते, आणि सासऱ्यांनी, ज्यांनी मला इतक्या वर्षांत कधी मिठी मारली नव्हती, त्याला स्वतःहून जवळ घेतलं.

मला वाटलं होतं, एवढं सगळं झाल्यावर आता काही वाटणार नाही. पण तो जळफळाट तसाच, ताजा, छातीत वर आला. मी वाकलो आणि नराचे मागचे पाय धरले. साडूने पुढचे धरले आणि आम्ही त्याला ओल्या गवतातून गाडीपर्यंत नेलं.

सासूबाईंनी कांद्याबरोबर काळीज परतलं. बायको आणि लेक आदल्या दिवसापासून तिथेच होत्या. लेक झोपेतून उठून टेबलाशी आली आणि तिने जर्मनमध्ये विचारलं, हरीण कोणी मारलं? साडू माझ्याकडे बघून काहीतरी म्हणणार होता. बहुतेक 'आम्ही' म्हणणार होता.

"काकानं," मी मराठीत सांगितलं.

लेकीने मान डोलावली आणि ताटली पुढे केली.